सुनेला रडवणारा

आमच्या गावात जूनच्या रात्री बटाटे उघड्यावर पसरतात,
गवतावर, एकाला एक न लागता.
पहाटे ते दगड झालेले असतात,
दुपारच्या उन्हात पिळपिळीत.
मग आई, मावशी, मी, अनवाणी,
त्यांच्यावर उभ्या राहून टाचांनी पाणी काढायचो.
त्याचा चुन्यो होतो: काळा, हलका,
पोरं मोठी होईपर्यंत टिकणारा.
टिकतो, पण उगवत नाही.
आई म्हणायची, दोन्ही कसं मागशील?

मी दोन्ही मागते. त्याचाच पगार घेते.

लिमात, समुद्राच्या धुक्याखाली, तिसऱ्या मजल्यावर
मी कोंबाचं टोक कापते,
मोहरीच्या अर्ध्याएवढं.
आधी साखरेच्या पाण्यात ठेवते,
मग बर्फावरच्या वाटीत, दाट कडवट द्रावात, पन्नास मिनिटं.
पाणी इथेही काढायचंच आहे,
पण टाचेनं नाही.
जे उरेल त्याची काच व्हायला हवी,
बर्फ नको. बर्फाला कोपरे असतात.
शेवटी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर थेंब,
थेंबात टोक,
आणि उणे एकशे शहाण्णव.
चर्र होतं. तेवढंच.

गोठवणं कुणालाही जमतं.

ही जात गाठीगाठींची, खाचाखाचांची.
तिचं नाव ल्युमचुय वाकाची,
म्हणजे सुनेला रडवणारा.
लग्नाआधी सासू हातात देते, म्हणते, सोल.
साल पातळ निघाली तर घरात ये.
मी सोलला होता. अंगठा कापला होता.
सासू काही बोलली नाही,
तेच आजवर बोलते आहे.

आता हा मला इथेही रडवत होता.
शंभर टोकं कोमट पाकात सोडून उठवली: चार हिरवी.
पुन्हा शंभर: तीन.
बाकीची पांढरी पडली, मग तपकिरी.
डॉक्टर उर्बीना म्हणाले, काही जाती हट्टी असतात.
हट्टी असती तर जगली असती.

ऑगस्टात आई गेली.
फोन आला तेव्हा बशा नुकत्याच भरल्या होत्या.
नियम असा: तीन दिवस अंधार, मग दिवे.
मी त्यांच्यावर काळं कापड टाकलं
आणि दिवे कुणी लावायचे ते न सांगताच बस पकडली.

पाचव्या दिवशी आम्ही तिचे कपडे नदीवर धुतले.
पाणी इतकं गार की बोटं आपली वाटेनात.
रात्री चुन्योचं सूप होतं,
तिनंच तुडवलेला, चार वर्षांपूर्वीचा.
टाचेचा ठसा दिसतो का म्हणून
मी एक उलटून पाहिला.
नाही दिसत.

बाराव्या दिवशी परतले.
बशा फेकायच्याच होत्या. कापड काढलं.
फिकट, लांबुडकी, पोत्याखाली फुटलेल्या मोडांसारखी,
पण टरारलेली.
मोजली. पुन्हा मोजली. एकतीस.

शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात.
आमच्या खात्यात नाही होत.
म्हणून पुन्हा, मुद्दाम, न विसरता:
अठ्ठावीस. चौतीस. एकदा नऊ
(का, ते अजून कळलेलं नाही).
मग अमोनियम कमी केलं,
कणभर क जीवनसत्त्व घातलं,
दिवेही एकदम नाही लावले,
आधी एक पातळ कागद ठेवला वर.
बेचाळीस.

अहवालात लिहिलं आहे: अंधार, बारा दिवस.
कारणाच्या रकान्यात: प्रकाशाचा ताण टळला.
ते खरंच आहे.
खाली माझी सही, एउलालिया तायपे.
बारा हा आकडा कुठून आला ते कुणी विचारलं नाही.

परवा त्यातल्या एका रोपाला पहिला बटाटा धरला,
अक्रोडाएवढा, सगळ्या खाचांसकट,
काहीच न विसरलेला.
वजन केलं. नोंद केली.
मग खिशातून चाकू काढला आणि सोलायला बसले,
कुणी समोर नव्हतं.

साल जाडच निघाली.